नॉबवरचा आकडा विसरा, हेलकावे मोजा: वेगवेगळ्या सिंथचं डिट्यून कसं तपासायचं

मराठवाड्यात ऑर्केस्ट्रा, बँजो पार्टी, जागरण-गोंधळ किंवा भीमगीतांचा कार्यक्रम वाजवणाऱ्या कीबोर्डवादकाला एक मागणी हमखास ऐकू येते : "दादा, तो टोन जरा जाड करा की." जाड करायचा म्हटलं की हात आधी डिट्यूनकडे जातो. सिंथमधले (सिंथेसायझरमधले) दोन ऑसिलेटर, म्हणजे सूर तयार करणारे भाग, घ्यायचे, एक किंचित वर सरकवायचा, सूर भरून येतो. एवढं सगळ्यांनाच येतं. अडचण त्यापुढची आहे. एका सिंथवर १० वर ठेवलेलं डिट्यून कानाला मऊ लागतं. दुसऱ्यावर तेच १० ठेवलं की सूर फाटतो, आणि तिसऱ्यावर काही फरकच पडत नाही. मग अमुक कंपनीचा आवाज गरम, तमुक कंपनीचा पातळ, अशी चर्चा रंगते.

या चर्चेतला बराच भाग आकड्यांच्या घोळातून येतो असं माझं ठाम मत आहे. व्हायटल या सॉफ्टवेअर सिंथमध्ये युनिझनचं (एकाच सुराच्या अनेक प्रती, म्हणजे व्हॉइस, एकत्र वाजवण्याचं) डिट्यून टक्क्यांत दिसतं, सिरम या दुसऱ्यात शून्य ते एकच्या दशांशात, रोलँडच्या जेपी-८००० वर ० ते १२७ मध्ये, यामाहा डीएक्स-७ वर उणे ७ ते अधिक ७. या आकड्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. म्हणून दोन सिंथची तुलना करायची असेल तर आधी दोन्हींचं डिट्यून कानाने मोजून एका पातळीवर आणावं लागतं. त्यानंतरही जो फरक उरतो, तो त्या वाद्याचा स्वभाव. तो कसा शोधायचा, ते पुढे क्रमाने सांगतो.

मोजायचं काय

दोन सूर अगदी जवळजवळ पण एक नसतील तर आवाज ठरावीक वेगाने वाढतो आणि ओसरतो. हा हेलकावा. पेटीवाल्यांना तो चांगलाच ओळखीचा आहे. दोन्ही ओळी नराच्या, म्हणजे मधल्या सप्तकाच्या सुरांच्या, असलेल्या पेटीत एका पट्टीखाली दोन नर सूर वाजतात, आणि त्यात केसभर फरक राहिला की पेटी लहरते. पेटी दुरुस्त करणारा कारागीर सूर घासताना याच लहरीकडे कान लावून बसलेला असतो.

हिशेब सोपा आहे. दोन सुरांच्या कंपनसंख्येत जितका फरक, तितके हेलकावे दर सेकंदाला. एक सूर २२० हर्ट्झवर आणि दुसरा २२१.३ वर असेल, तर सेकंदाला १.३ हेलकावे. डिट्यून मात्र सहसा सेंटमध्ये मोजतात. एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंत, काळी-पांढरी सगळ्या धरून, १०० सेंट आणि पूर्ण सप्तकात १२००. सेंट हे प्रमाण आहे आणि हर्ट्झ ही प्रत्यक्ष संख्या. म्हणून तेच १० सेंट ११० हर्ट्झच्या सुरावर सेकंदाला सुमारे ०.६४ हेलकावे देतात, २२० वर १.२७, ४४० वर २.५ आणि ८८० वर पाचाच्या थोडं वर. दर सप्तकाला दुप्पट. पुढच्या बऱ्याच गोष्टी याच एका दुपटीतून निघतात, तेव्हा ती लक्षात असू द्या.

आधी सगळं उतरवून ठेवा

तुलनेसाठी सिंथ उघडा-वाघडा हवा. इनिट पॅच, म्हणजे सिंथचा कोरा, मूळ आवाज, घ्या. रिव्हर्ब, डिले, कोरस बंद. व्हायब्रेटो आणि एलएफओ (आवाज आपोआप हलवणारी संथ लाट) शून्यावर. व्हेलॉसिटीचा, म्हणजे बोटाच्या जोराचा, परिणाम काढून टाका, नाहीतर बोट जरा जोरात पडलं की आवाज उजळतो आणि तुम्ही त्याचं श्रेय डिट्यूनला देता. एन्व्हलपचा सस्टेन पूर्ण ठेवा, म्हणजे पट्टी दाबलेली असेपर्यंत आवाज तेवढाच राहील. आउटपुट मोनो ठेवा, स्टिरिओचा विचार नंतर. मास्टर ट्यून सगळीकडे ४४० वर आहे ना, हे मोबाइलच्या ट्यूनर अ‍ॅपवर बघा. कार्यक्रमात जुन्या पेटीशी जुळवण्यासाठी कीबोर्डचं मास्टर ट्यून हलवलेलं असतं आणि ते तसंच राहून जातं. हे फार घरांत घडतं.

पातळी जुळवण्याचं काम सगळ्यात जास्त टाळलं जातं आणि सगळ्यात जास्त फसवतं. दोन आवाजांतला एक जरासा मोठा असेल तर कान त्यालाच "भारी" म्हणतो. दोन्ही रेकॉर्ड करून ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये लाटांची उंची सारखी करा, मगच ऐका. फक्त अंदाजाने व्हॉल्यूम फिरवणं पुरत नाही.

मोजणी

आता दोन्ही ऑसिलेटर साइनवर, म्हणजे फक्त मूळ सूर असलेल्या लाटेवर, ठेवा. साइन नसेल तर ट्रँगल, तेही नसेल तर सॉ ही उजळ लाट घेऊन फिल्टरचा कटऑफ (ज्याच्या वरचा आवाज कापला जातो ती मर्यादा) इतका खाली आणा की फक्त मूळ सूर गुरगुरत राहील. मधल्या सीच्या खालची पांढरी सहा, म्हणजे २२० हर्ट्झ, दाबून धरा. दुसऱ्या ऑसिलेटरची पातळी पहिल्याइतकीच ठेवा म्हणजे हेलकावा खोल आणि स्पष्ट येईल. मोबाइलवर १० सेकंदांचं टायमर लावा आणि मोजा.

या एका पट्टीवर जमणारं सोपं सूत्र असं : १० सेकंदांत जितके हेलकावे मोजले, त्याला ०.८ ने गुणा, सेंट मिळतात. १३ हेलकावे आले तर १०.४, म्हणजे साधारण १० सेंट. ६ आले तर पाचाच्या आसपास. वीस-बावीस सेंटच्या पुढे गेलात की हेलकावे इतके भरभर येतात की मोजता येत नाहीत; तेव्हा एक सप्तक खाली, ११० हर्ट्झवर या आणि १.६ ने गुणा. कानावर भरवसा नसेल तर तेच रेकॉर्ड करून स्क्रीनवरचे फुगवटे मोजा. दोन्ही पद्धतींनी सारखंच उत्तर यायला हवं.

युनिझन असलेल्या सॉफ्टवेअर सिंथमध्ये हे करताना व्हॉइसची संख्या दोनवर आणा. सात किंवा सोळा व्हॉइस चालू असताना सगळ्या जोड्यांचे हेलकावे एकमेकांत मिसळतात आणि मोजण्यासारखं काही उरत नाही.

एकदा मोजलं की नॉबच्या चार-पाच जागांवर तेच करा : नऊ वाजताची जागा, बारा, तीन आणि टोक. वहीत लिहून ठेवा. वही भरली की लगेच दिसतं, बऱ्याच सिंथचा नॉब सरळ रेषेत वाढत नाही. सुरुवातीचा मोठा भाग बारीक कामासाठी राखलेला असतो आणि शेवटच्या थोड्या अंतरात फरक एकदम झेपावतो. जेपी-८००० च्या सुपर सॉचं डिट्यून याचं ठळक उदाहरण आहे. पूर्ण फिरवलं तर सगळ्यात बाहेरच्या दोन लाटा मधल्या सुरापासून पावणेदोन ते दोन सेमीटोन लांब जातात, पण अर्ध्या फिरवण्यावर तुम्ही त्याच्या अर्ध्यावर अजिबात नसता, खूपच अलीकडे असता. "मी मध्यावर ठेवलंय, तूही मध्यावर ठेव" या सल्ल्याला म्हणूनच अर्थ नाही.

त्याचबरोबर ट्यूनरकडेही एक नजर टाका. काही सिंथमध्ये पहिला ऑसिलेटर जागेवर राहतो आणि दुसराच वर जातो. काहींमध्ये दोघंही मधल्या सुरापासून सारखेच दूर होतात, एक खाली, एक वर. पहिल्या प्रकारात दुसरा ऑसिलेटर १२ सेंट वर नेलात तर कानाला जाणवणारा सूर सहा सेंटच्या आसपास वर चढतो. एकट्याने वाजवताना कळत नाही. बाजूला पेटी आणि गायक असले की लगेच कळतं. अशा सिंथवर पहिला ऑसिलेटर सहा सेंट खाली घ्या. तो हलत नसेल तर मास्टर ट्यून तेवढं उतरवा.

तीन सप्तकांत फिरून या, विशेषतः खाली

२२० वर दोन सिंथ जुळवले की तेच डिट्यून ठेवून एकदा ५५ हर्ट्झवर आणि एकदा ८८० वर ऐका. बहुतेक ठिकाणी डिट्यून सेंटमध्ये असतं, त्यामुळे वर जाताना हेलकावे भरभर आणि खाली येताना संथ होतात. काही सिंथ मात्र फरक हर्ट्झमध्ये ठेवू देतात. सर्ज एक्सटी या मोफत सिंथमध्ये युनिझन डिट्यूनला 'अ‍ॅब्सोल्यूट' हा पर्याय आहे. तो लावला की वर-खाली कुठेही वाजवा, हेलकाव्याचा वेग तोच राहतो. पॅडसाठी, म्हणजे गाण्याच्या मागे लांब धरलेल्या सुरांसाठी, हा पर्याय मला फार आवडतो. हाताची जागा बदलली तरी पॅडचा श्वास बदलत नाही.

बेसमध्ये हाच हिशेब उलटतो. ५५ हर्ट्झवर ५ सेंटचा फरक म्हणजे सेकंदाला ०.१६ हेलकावे, म्हणजे एक हेलकावा पुरा व्हायला सहा सेकंदांहून जास्त वेळ. गोंधळाच्या ठेक्यात बेसचा एक सूर जेमतेम अर्धा सेकंद टिकतो. म्हणजे प्रत्येक सूर हेलकाव्याच्या कुठल्यातरी एका टप्प्यावर पकडला जातो. एक सूर चढावर येतो, पुढचा खोलगट जागी येऊन अर्धा विरून जातो. संबळ आणि हलगी जोरात चालू असतात, आणि "बेस मधूनमधून गायब होतो" अशी तक्रार साउंडवाल्याकडे जाते. बिचारा तो केबल तपासत बसतो.

उपाय तीन आहेत. एक, बेसला डिट्यूनच देऊ नका, जाडपणा फिल्टर आणि थोड्या डिस्टॉर्शनमधून आणा. दोन, एक साधा साइन किंवा सब ऑसिलेटर खाली एकटा, अढळ ठेवा आणि डिट्यून फक्त वरच्या सप्तकातल्या जोडीला द्या. तीन, दुसऱ्या ऑसिलेटरची पातळी पहिल्याच्या निम्म्यावर आणा. दोन्ही सारखे असतील तर खोलगट जागी सूर पूर्ण मरतो. दुसरा निम्मा असेल तर चढावर दीडपट आणि उतारावर अर्धा उरतो, पण नाहीसा होत नाही. मी स्वतः दुसरा उपाय वापरतो.

पट्टी दाबताना काय होतं

सेंट तोच, सप्तक तेच, तरी दोन सिंथ वेगळे का वाटतात? पहिलं कारण फेज, म्हणजे लाट आपल्या फेरीत कुठल्या जागी आहे ते. एकच पट्टी सारख्या अंतराने आठ-दहा वेळा मारा आणि प्रत्येक सुराची सुरुवात ऐका.

मिनिमूगचे किंवा प्रॉफेट-५ चे ऑसिलेटर सतत आपापले फिरत असतात; पट्टी दाबली की फक्त दार उघडतं. त्यामुळे दोन लाटांचं एकमेकांशी नातं प्रत्येक वेळी वेगळं असतं आणि दहाही सूर किंचित वेगवेगळे सुरू होतात. काही डिजिटल सिंथमध्ये पट्टी दाबताक्षणी दोन्ही लाटा शून्यापासून एकत्र सुटतात. तिथे दहाही सुरांची सुरुवात तंतोतंत सारखी येते : आधी एक टणक ठोसा, मग सूर हळूहळू उलगडत जातो. यातलं वाईट काहीच नाही. ठेक्यात बसणाऱ्या बेसला आणि तुटक स्टॅबला दुसरा प्रकार उत्तम, लांब सुरांना पहिला. व्हायटल आणि सिरममध्ये फेज किती आपोआप बदलावी हे ठरवणारा रँडम नॉब आहे आणि सर्जमध्ये रीट्रिगरचा स्विच. तुलना करताना दोन्हीकडे एकच स्थिती ठेवा, नाहीतर तुम्ही डिट्यून सोडून भलत्याच गोष्टीची तुलना करत राहाल.

आपल्याकडे स्टेजवर जास्त दिसतात ते नमुन्यांवर, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या आवाजांवर, चालणारे कीबोर्ड. रोलँड जूनो-डीएसचं उदाहरण घेऊ. तिथे एका पॅचमध्ये चारपर्यंत थर लावता येतात आणि प्रत्येकाला फाइन ट्यून उणे ५० ते अधिक ५० सेंट असतं. दोन थरांना एकच सॉ वेव्ह देऊन एक ७ सेंट खाली आणि एक ७ वर केला, की सुरुवातीला 'श्यूंऽ' असा घसरता आवाज येतो. कारण दोन्ही नमुने एकाच क्षणी, एकाच जागेपासून वाजायला लागतात. यावर इलाज म्हणजे दुसऱ्या थराला वेगळी सॉ वेव्ह द्या. अशा कीबोर्डांत सहसा एकाहून जास्त असतात. किंवा एका थराला अगदी थोडा उशीर द्या. तिसरा मार्ग रँडम पिच. तो दोन-चार सेंटवर ठेवला की प्रत्येक पट्टी स्वतःचा निराळा फरक घेऊन येते. हाताने सूर लावलेल्या पेटीतही असंच असतं, पट्टीगणिक लहर बदलते, आणि म्हणून पेटीच्या जवळ जाणाऱ्या टोनसाठी मला हा मार्ग सगळ्यात योग्य वाटतो.

फिल्टर उघडा

इतका वेळ आपण मूळ सूर ऐकत होतो. आता सॉ वेव्ह घ्या आणि कटऑफ सावकाश वर न्या. डिट्यूनला हात लावलेला नाही, तरी हेलकावे वाढल्यासारखे वाटतील. तसं होणारच. सॉमध्ये मूळ सुरावर दुप्पट, तिप्पट, चौपट असे स्वरांश असतात आणि प्रत्येकाचा हेलकावा त्याच पटीने भरभर होतो. मूळ सुराला सेकंदाला १.३ असेल तर पाचव्या स्वरांशाला साडेसहा आणि दहाव्याला तेरा. कटऑफ खाली असेल तर संथ डोलणं ऐकू येतं, वर असेल तर चमचम.

यातून तुलनेचा एक महत्त्वाचा नियम निघतो. एका सिंथचा फिल्टर उजळ आणि दुसऱ्याचा अंधारा असेल तर समान डिट्यून असूनही उजळ सिंथ जास्त डिट्यून झालेला वाटतो. मूगच्या २४ डेसिबल लॅडर फिल्टरमधून आलेली सॉ आणि एखाद्या मोकळ्या डिजिटल ऑसिलेटरची सॉ शेजारी ठेवली तर हेच घडतं. म्हणून पहिल्यांदा फिल्टर पूर्ण उघडे ठेवून ऐका, नंतर दोन्हींचा उजळपणा कानाने जुळवून ऐका, आणि या दोन ऐकण्यांत तुमचं मत किती बदललं ते पाहा. माझ्या अनुभवात "गरम" या शब्दाने लोक ज्याचं वर्णन करतात ते पुष्कळदा डिट्यून नसतंच, फिल्टर असतो.

एकेका घराण्याचा स्वभाव

मिनिमूग १९७० चा. तीन ऑसिलेटर, पैकी दुसऱ्या आणि तिसऱ्याचा नॉब सात सेमीटोन खालपासून सात सेमीटोन वरपर्यंत. एवढा पल्ला एकाच नॉबवर असल्याने १० सेंट म्हणजे फिरवण्याचे जेमतेम दोन अंश. आकडा बघून ते जमत नाही, कानच लागतो. तीन ऑसिलेटर लावताना दुसरा ७ खाली आणि तिसरा ७ वर असं समान ठेवलं तर हेलकाव्यांची नक्षी पुन्हा पुन्हा तीच येते. एक ७ खाली आणि दुसरा ९ वर ठेवा, नक्षी सहजी परत येत नाही आणि सूर जिवंत राहतो. ही युक्ती कुठल्याही तीन ऑसिलेटरच्या सिंथवर चालते.

१९७८ च्या प्रॉफेट-५ मध्ये पाच व्हॉइस, म्हणजे एका वेळी पाच सूर, आणि प्रत्येकाला स्वतःची दोन ऑसिलेटरची जोडी. पाचही जोड्या अगदी एकसारख्या कधीच लागत नाहीत. म्हणून कॉर्ड दाबली की सा, ग, प या प्रत्येकाचा हेलकावा आपापल्या वेगाने चालतो. सॉफ्टवेअरमध्ये ही चव हवी असेल तर डिट्यून वाढवून उपयोग नाही. ड्रिफ्ट नावाचा, सूर आपोआप किंचित हलता ठेवणारा जो नॉब असतो, सर्जमध्ये तो आहे, तो थोडासा वाढवा.

रोलँड जूनो-१०६ बद्दल गैरसमज फार आहेत. १९८४ च्या या सिंथमध्ये प्रत्येक व्हॉइसला एकच ऑसिलेटर आहे. सॉ, पल्स आणि एक सप्तक खालचा सब, तिन्ही त्यातूनच निघतात आणि एकमेकांना बांधलेले असतात. म्हणजे नेहमीच्या अर्थाने तिथे डिट्यून नाहीच. त्याचा जाडपणा कोरसमधून येतो. कोरसमध्ये आवाजाला मिलिसेकंदांचा उशीर देऊन तो उशीर सतत कमी-जास्त करतात, आणि उशीर बदलत असताना सूर किंचित वर-खाली होतो. त्यामुळे जूनोचा "डिट्यून" सारखा बदलत राहतो, टोकाला जाऊन परत येतो. दोन ऑसिलेटरचा फरक मात्र आहे तिथेच ठाम राहतो. जूनोसारखा आवाज आणायचा असेल तर ऑसिलेटर दोन लावू नका. एक लावा आणि कोरसला जोडा. पल्सची रुंदी एलएफओने हलवली तरी कानाला साधारण असाच, येणारा-जाणारा फरक मिळतो.

जेपी-८००० च्या सुपर सॉमध्ये सात सॉ आहेत. मधली जागेवर, बाकीच्या सहा दोन्ही बाजूंना, आणि त्यांची अंतरं मुद्दाम असमान. त्यामुळे वर सांगितलेली नक्षी तिथे कधी स्थिरावतच नाही. मिक्सचा वेगळा नॉब बाजूच्या सहा सॉंची पातळी ठरवतो. डिट्यून कमी ठेवून मिक्स वाढवणं आणि मिक्स कमी ठेवून डिट्यून वाढवणं, यांत पहिल्याने दाट धुकं तयार होतं आणि दुसऱ्यात मधला सूर स्वच्छ राहून कडेला झळाळी येते. गाण्याच्या मागे मी दुसरं पसंत करतो, कारण गायकाला पकडायला एक सूर शिल्लक राहतो.

डीएक्स-७, १९८३ चा, वेगळ्याच वाटेचा. सहा ऑपरेटर, त्यांतले काही ऐकू येणारे आणि काही दुसऱ्याला हलवणारे. ऐकू येणारे दोन डिट्यून केले तर ओळखीचा हेलकावा मिळतो. पण हलवणारा ऑपरेटर डिट्यून केला की आवाजाची पातळी फार न बदलता त्याचा पोतच सावकाश फिरत राहतो, घंटेसारख्या सुरांत तर फारच सुंदर. डेक्सेड या मोफत प्लगिनवर हे घरी बसून करून पाहता येतं, आणि प्रत्येकाने एकदा तरी करून पाहावं असं मी आग्रहाने सांगेन.

उन्हाळा

जुन्या पद्धतीच्या व्होल्टेजवर चालणाऱ्या ऑसिलेटरला तापमान कळतं. सूर ठरवणाऱ्या सर्किटमधला ट्रान्झिस्टर उष्णतेने वागणूक बदलतो. भरपाईची व्यवस्था नसेल तर दर अंशाला दर सप्तकामागे सुमारे ४ सेंट इतका फरक पडू शकतो. म्हणून त्यात उष्णतेप्रमाणे बदलणारा रेझिस्टर घालतात, तरी थोडं सरकणं उरतंच. आपल्याकडे मे महिन्यात परभणी-नांदेडकडे दुपारी पारा ४२ च्या पुढे जातो आणि कार्यक्रम सुरू होतो रात्री उशिरा. दुपारी चारच्या साउंड चेकला लावलेला अ‍ॅनालॉग सिंथ रात्री दहाला तसाच राहील असं धरू नका. अर्धा तास चालू ठेवून मग ट्यून करा, आणि सुरुवातीच्या नमनाआधी पुन्हा एकदा. डिजिटल सिंथ आणि जूनोसारखे घड्याळावर चालणारे ऑसिलेटर यांना हा त्रास नाही.

मैदानात

घरी हेडफोनवर रुंद, भव्य वाटणारा पॅड माळेगावच्या यात्रेसारख्या उघड्या माळावर किंवा १४ जानेवारीला, नामविस्तार दिनी, मराठवाडा विद्यापीठाच्या गेटपाशी लागलेल्या स्टेजवर अंगातून जीव गेल्यासारखा का वाजतो, याचं उत्तर मोनोत आहे. बहुतेक वेळा कीबोर्डमधून एकच जॅक मिक्सरला जातो आणि दोन्ही बाजूंच्या टॉपला, म्हणजे वरच्या स्पीकरला, तोच सिग्नल मिळतो. एक व्हॉइस डावीकडे आणि एक उजवीकडे असताना त्या दोघी तारेत कधी भेटतच नव्हत्या. मोनो केलं की दोघी एकाच तारेत येतात आणि एकमेकींना खोडायला लागतात. हेलकावे खोल होतात, आवाज पोकळ होतो. जूनोच्या कोरसमध्ये तर डाव्या-उजव्या बाजूचा बदल मुद्दाम एकमेकांच्या उलट ठेवलेला आहे, त्यामुळे मोनोत त्याचा रंग बराच बदलतो.

म्हणून स्टेजसाठी पॅच बनवताना पहिल्यापासून मोनोत ऐका. हेडफोन लावूनही आउटपुट मोनो करता येतं. मोनोत ठीक लागेपर्यंत डिट्यून कमी करा, युनिझनची रुंदी कमी करा, आणि मग स्टिरिओ देऊन पाहा. मोनोत चांगला लागणारा पॅच स्टिरिओत क्वचितच बिघडतो. स्टुडिओच्या रेकॉर्डिंगसाठी वेगळी प्रत ठेवा.

गायकासोबत

शेवटची तपासणी गाण्यातच. गायक काळी दोनमध्ये गात असेल तर कीबोर्डवर मधल्या सीच्या वरचा सा ३११ हर्ट्झच्या आसपास. तिथे ८ सेंटचं डिट्यून सेकंदाला साधारण दीड हेलकावा देतं. लीडला, म्हणजे मुख्य धून वाजवणाऱ्या टोनला, हे पुरतं, दुसरा ऑसिलेटर पहिल्याच्या पाऊण पातळीवर. त्याहून जास्त नेलं तर मींडेचा शेवट कुठल्या सुरावर झाला हेच कळत नाही. आलापीच्या किंवा शाहिराच्या लांब हाकेच्या मागे तर मी ४ सेंटच्या वर जात नाही. गायकाला टेकायला जागा हवी.

पॅडवर मात्र मोकळेपणा आहे, आणि त्याचं एक कारण गंधारात दडलेलं आहे. कीबोर्डचा शुद्ध गंधार हा गळ्यातल्या नैसर्गिक शुद्ध गंधारापेक्षा जवळजवळ १४ सेंट चढा असतो. डिट्यून अजिबात नसलेल्या पॅडवर सा-ग-प धरला तरी आत एक खरखर असतेच. मधल्या सीवरच्या सा आणि ग यांच्या वरच्या स्वरांशांत सेकंदाला सुमारे दहा हेलकावे पडत असतात. पॅडला दोन्ही बाजूंना १२ ते १४ सेंट पसरवलं की खालची कड गायकाच्या गंधाराजवळ येते, ती मूळची खरखर पसरून विरते, आणि गळा पॅडशी भांडत नाही. एखाद्या गाण्यात तरीही गंधार टोचत असेल तर पॅडमधून गंधारच काढून टाका, सा आणि प पुरेत.

इथवर आलात की पॅच सेव्ह करताना नावातच मोजमाप घाला : "लीड ८ सेंट मोनो", "पॅड १३ सेंट स्टिरिओ", "बेस सब साधा". उद्या कीबोर्ड बदलला, भाड्याने दुसराच आला किंवा लॅपटॉपवर वाजवायची वेळ आली, तर नॉबवर काय लिहिलंय ते बघायची गरज नाही. २२० हर्ट्झची पांढरी सहा दाबायची, दहा सेकंद मोजायचं, ८ सेंटसाठी दहा हेलकावे येईपर्यंत नॉब फिरवायचा, आणि फिल्टर जुळवायला घ्यायचा.